कुंपणातला ऑस्ट्रेलिया

माणदेशात झाडांची यादी फार लांबत नाही. बाभूळ, हिवर, बोर, लिंब. ओढ्याकाठी करंज, माळावर तरवड. वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. अशा मुलखात जे तग धरते ते लहानपणापासून नावाने ठाऊक असते. मेंढरांमागे हिंडणारे पोरही हिवर कोणता आणि बाभूळ कोणती हे लांबून सांगते. त्यामुळे दहिवडी, म्हसवड, आटपाडी, जत या पट्ट्यात एखाद्या शाळेच्या आवारात किंवा बंगल्याच्या बागेत अनोळखी झुडूप फुलले की ते लगेच नजरेत भरते. हे कसले झाड, असे विचारले की बहुतेकदा एकच उत्तर येते : ‘इलायती हाय.’

या एका उत्तरात मेक्सिको, ब्राझील, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया असे सगळे मुलूख बसवून टाकलेले असतात. वेडी बाभूळ, सुबाभूळ, गिरिपुष्प ही अमेरिकेकडची. निलगिरी, सुरू, सिल्व्हर ओक, बॉटलब्रश आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ ही खरोखरच ऑस्ट्रेलियाच्या बाजूची. यातले प्रत्येक झाड कोणी आणले, कशासाठी आणले आणि साधारण केव्हा आणले, हे कागदोपत्री सापडते. झाड कुठे उभे आहे आणि ते तिथे कोणाच्या गरजेपोटी आले, एवढे कळले की ओळख पटवण्याचे निम्मे काम होते.

पण या घोळक्यात एक झुडूप असे आहे की त्याचा हिशेब लागता लागत नाही. उंची पुरुषभर किंवा थोडी जास्त. पाने लांबट, चकचकीत, हाताला किंचित चिकट. फुले इतकी बारीक आणि हिरवट की ती आली कधी आणि गेली कधी हे कळतही नाही. मग एके दिवशी सगळे झुडूप गुलाबी-तांबूस कागदी पंखांनी लगडते. पाहणारा त्यालाच फूल समजतो. ते असते फळ. दख्खनच्या कोरड्या टेकड्यांवर हे रानातही आढळते आणि कुंपणालाही लावले जाते. पुस्तकात याचे मराठी नाव जखमी असे दिलेले असते. काही ठिकाणी यालाच विलायती मेंदी म्हणतात. याचे जवळपास सगळे गणगोत ऑस्ट्रेलियात आहे. मग ते इकडे कोणत्या वाटेने आले? उत्तरासाठी आधी बाकीच्यांच्या वाटा तपासाव्या लागतात.

पहिली वाट पुण्याजवळच्या दापोडीतून जाते. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ साली तेथे सरकारी वनस्पती-उद्यान सुरू केले. महाबळेश्वरच्या माल्कम पेठेला ज्याचे नाव मिळाले तोच हा. १८३८ साली अलेक्झांडर गिब्सन हा डॉक्टर उद्यानाचा अधीक्षक झाला. लष्करी दवाखान्यांना लागणाऱ्या औषधी वनस्पती इथेच पिकवाव्यात, उपयोगी परदेशी झाडे लावून पाहावीत आणि रोपे-बिया मागणाऱ्यांना द्याव्यात, असे या बागेचे काम होते. १८४७ ते १८५० या काळात एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराने तिथल्या झाडांची चित्रे रंगवली. चित्रकाराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. चित्रे मात्र आज एडिंबराच्या वनस्पती-उद्यानात जपलेली आहेत.

गिब्सन १८४७ साली मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. १८६१ साली त्याने आणि निकोल डालझेलने मिळून ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. या ग्रंथाची एक गोष्ट आजही उपयोगाची आहे. रानातल्या वनस्पती मुख्य भागात आणि बाहेरून आणून लावलेल्या वनस्पती पुरवणीत, अशी त्याची मांडणी आहे. म्हणजे बागेतले कोणते आणि रानातले कोणते हा प्रश्न तेव्हाच्या जाणकारांनाही पडत होता आणि त्याचे उत्तर नोंदवून ठेवण्याची गरज त्यांना वाटत होती.

दुसरी वाट घाटमाथ्याची. सातारा जिल्हा हा एकाच नावाखालचा दोन जगांचा मामला आहे. महाबळेश्वरला पाच-साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि तिथून सव्वाशे किलोमीटरच्या आत माण तालुक्यात त्याच्या दहाव्या हिश्श्याचीही खात्री नसते. १८६०च्या दशकात जॉन चेसन या इंग्रजाकडे पाचगणी वसवण्याचे काम आले आणि त्याने तिथे परदेशी झाडांचे प्रयोग केले. पाचगणीतले सिल्व्हर ओक आणि पॉइन्सेटिया यांचे श्रेय त्यालाच दिले जाते.

सिल्व्हर ओक हा ओक नव्हेच. अ‍ॅलन कनिंगहॅम या वनस्पतिशास्त्रज्ञाने पूर्व ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन नदीच्या परिसरात हा वृक्ष पाहिला आणि १८३० साली त्याचे ग्रेव्हिलिया रोबस्टा हे नाव प्रसिद्ध झाले. पुढे चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी तो भारतात आणि श्रीलंकेत पसरला. त्याची ओळख सोपी आहे. पाने नेच्यासारखी चिरलेली, वरून गर्द हिरवी, खालून चंदेरी. उन्हाळ्यात फण्यांसारखे नारिंगी-सोनेरी तुरे येतात आणि त्यांतला मध प्यायला पाखरांची झुंबड उडते. पाचगणीच्या तांबड्या, आम्ल मातीत तो सुखाने वाढतो. माणच्या चुनखडी मुरमात तो कुढतो, पाण्यावाचून होरपळतो. त्याच्या कुळातली झाडे स्फुरद नसलेल्या मातीसाठी घडलेली आहेत. मुळांच्या दाट झुपक्यांनी ती असेल तेवढे स्फुरद ओढून घेतात. अशा झाडाला प्रेमापोटी सुपर फॉस्फेट घातले तर अपायच होण्याची शक्यता अधिक.

तिसरी वाट वनखात्याची, आणि ती सर्वांत रुंद. निलगिरीची पहिली लागवड टिपू सुलतानाने १७९०च्या सुमारास नंदी टेकडीवर केली असे मानले जाते. १८४३ साली उटकमंडच्या डोंगरात ती सरपणासाठी लावली गेली. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होते. तिथे १८६८ साली सुरूची लागवड झाली. त्याच काळात मेलबर्नच्या वनस्पती-उद्यानाचा संचालक फर्डिनांड फॉन म्युलर हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ जगभर निलगिरीच्या बियांची पाकिटे पाठवत होता. रेल्वेला इंधन हवे होते, छावण्यांना सरपण हवे होते, आणि दलदलीची हवा निलगिरीने शुद्ध होते अशी समजूत होती. हिवताप डासामुळे पसरतो हे सिद्ध व्हायला अजून अवकाश होता.

माणदेशात ही झाडे मोठ्या संख्येने आली ती मात्र स्वातंत्र्यानंतर आणि दुष्काळाच्या पाठोपाठ. १८७६ ते १८७८च्या दुष्काळाने या भागाला तलाव दिले. राजेवाडीचा मोठा तलाव त्याच काळातल्या दुष्काळी कामांची देणगी. १९७२च्या दुष्काळाने रोजगार हमी दिली. या योजनेचे जनक वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले, विसापूरचे. तिथेच १९६५ साली तिचा पहिला प्रयोग झाला, १९७२ साली ती राज्यभर लागू झाली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध यांच्या जोडीला झाडे लावणे हेही हमीचे काम ठरले. पाठोपाठ १९८२ साली राज्यात सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र खाते उभे राहिले. रस्त्याकडेला, गायरानावर, तलावाच्या काठाला रोपे लागू लागली.

कोणती रोपे लावायची हा निर्णय शेळी-मेंढीने केला, असे म्हटले तरी चालेल. माणदेश म्हणजे धनगरांच्या कळपांचा मुलूख. लिंबाचे किंवा आपल्या बाभळीचे रोप राखण नसेल तर चार दिवस टिकत नाही. निलगिरीच्या उग्र वासाच्या पानाला आणि ऑस्ट्रेलियन बाभळीच्या कातडीसारख्या पानाला जित्राब सहसा तोंड लावत नाही. रोप जगले की काम दिसते, काम दिसले की हजेरीपट खरा ठरतो. म्हणून हीच झाडे निवडली गेली. त्यांचे लाकूड, त्यांची सावली, त्यांच्याखाली गवत उगवते की नाही, हे प्रश्न मागाहून आले. निलगिरी भूजल ओढते या तक्रारीवरून शेजारच्या कर्नाटकाने २०१७ साली तिच्या नव्या लागवडीवर बंदीच घातली.

ऑस्ट्रेलियन बाभूळ भारतात १९४६ साली प्रथम पश्चिम बंगालमध्ये आली. तिला बाभूळ म्हटले तरी काटा नाही आणि बाभळीसारखे बारीक पानही नाही. विळ्याच्या पात्यासारखे जे पान दिसते ते मुळात पान नव्हेच. तो चपटा झालेला देठ आहे. ज्याला खात्री करून घ्यायची असेल त्याने तिचे नुकते उगवलेले रोप पाहावे. पहिली दोन-चार पाने खऱ्या बाभळीसारखी पिसांची असतात, मग देठ रुंदावत जातो आणि पिसे नाहीशी होतात. पिवळे शेपटीसारखे तुरे आणि कानासारख्या वेटोळ्या शेंगा ही तिची दुसरी खूण. पांढऱ्या गोंड्यांची आणि झुपक्याने लोंबणाऱ्या सरळ चपट्या शेंगांची सुबाभूळ वेगळी, ती मेक्सिकोकडची. नावात बाभूळ असल्याने आणि एकाच काळात रस्त्याकडेला आल्याने या दोघींची गल्लत रोज होते.

बॉटलब्रशची वाट रोपवाटिकेची. त्याच्या फुलातला लाल भाग म्हणजे पाकळ्या नव्हेत. ते नुसते पुंकेसर. फूल गळाले तरी ओळख पटते, कारण त्याची मण्यांसारखी टणक बोंडे जुन्या फांदीला चिकटून रांगेने वर्षानुवर्षे राहतात आणि फांदी त्यांच्या पुढे वाढत जाते. ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांच्या रानात हे शहाणपणाचे असते. आग लागली की बोंडे उघडतात आणि बी राखेवर पडते.

आता उरले ते कागदी पंखांचे झुडूप. वरच्या सगळ्या वाटांवर त्याचा माग काढला तरी ते आणले कोणी हे सापडत नाही. तारखाही जुळत नाहीत. कॅप्टन कुकचे जहाज ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर बॉटनी बेला लागले ते एप्रिल १७७० मध्ये. त्या सफरीवर जोसेफ बँक्स हा वनस्पतींचा मोठा संग्राहक होता आणि तिथल्या झाडांची युरोपला नीट ओळख झाली ती त्याच्यामुळे. या झुडपाला मात्र लिनियसने १७५३ सालीच नाव देऊन टाकले होते. १७६० साली जॅकिन या शास्त्रज्ञाने त्याचे आजचे नाव पक्के केले : डोडोनिया व्हिस्कोसा. सोळाव्या शतकातल्या रेम्बर्ट डोडोन्स या फ्लेमिश वैद्याच्या स्मरणार्थ पहिला शब्द, आणि पानांच्या चिकटपणावरून दुसरा. म्हणजे युरोपीय संग्राहक ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर उतरण्याआधीच हे झुडूप जगात इतरत्र भेटत होते.

डोडोनियाच्या सुमारे सत्तर जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्या एकट्या ऑस्ट्रेलियात आहेत. मग ही एकच जात भारत, आफ्रिका, अमेरिका, हवाई, न्यूझीलंड अशी पृथ्वीभर कशी पसरली? काहींच्या मनात लगेच गोंडवन येते, कारण भारत आणि ऑस्ट्रेलिया एकेकाळी एकाच भूखंडाचे भाग होते. पण ती फारकत होऊन बारा-तेरा कोटी वर्षे झाली. हॅरिंग्टन आणि गडेक या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००९ साली या झुडपाच्या जनुकांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या निष्कर्षानुसार ही जात मूळची ऑस्ट्रेलियातलीच. आणि तिचा जगभरचा प्रसार भूगर्भाच्या हिशेबाने अगदी अलीकडचा, गेल्या वीस-पंचवीस लाख वर्षांतला आहे. पंखांची फळे वाऱ्याने उडतात. बियांचे कवच इतके कठीण की समुद्रप्रवासातूनही त्या तगाव्यात. थोडक्यात, जखमीला गव्हर्नरने आणले नाही, कॅप्टनने आणले नाही आणि रोजगार हमीनेही आणले नाही. माणूस इथे शेती करू लागण्याच्या कितीतरी आधी ती आपली आपण आली होती.

म्हणूनच तिला विलायती म्हणताना जरा थांबावे लागते. जिथे जिथे ती पोचली तिथल्या माणसांनी तिला आपापल्या संसारात घेतले. ऑस्ट्रेलियाचे आदिवासी दातदुखीवर तिचा पाला चावत. तिथे गेलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी बिअरमध्ये हॉप्सच्या जागी तिची कडवट फळे वापरली, म्हणून इंग्रजीत ती हॉप बुश झाली. न्यूझीलंडच्या माओरींनी तिच्या कठीण लाकडाची हत्यारे केली. हवाईत तिच्या रंगीत फळांच्या माळा गुंफतात. आपल्याकडे पाला जखमेवर, भाजल्यावर, मुरगळल्यावर बांधला जातो.

आणि आपल्याकडे तिचे खरे काम कुंपणाचे. दख्खनच्या कुंपणांचा इतिहास हा स्वतंत्र विषय आहे. बाभळीच्या काट्या, घायपात, शेर आणि निवडुंग हे त्यातले मुख्य भिडू. निवडुंग तर एकेकाळी इतका माजला होता की १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडलच्या माळावर कारखान्याचे गाव वसवायला घेतले तेव्हा आधी निवडुंगाशी झुंजावे लागले. १९२६ साली श्रीलंकेतून दक्षिण भारतात आणलेल्या एका पिठ्या किड्याने निवडुंगाची रानेच्या राने झोपवली. गंमत म्हणजे त्याच सुमारास ऑस्ट्रेलियाही निवडुंगानेच हैराण होता आणि अर्जेंटिनातून आणलेल्या पतंगाच्या अळ्या त्याच्यावर सोडत होता. जिवंत कुंपणाची गरज मात्र उरलीच. जखमीला काटा नसला तरी जनावर तिला खात नाही, ती बारमाही हिरवी राहते, कात्रीने हवी तशी कापून घेते, आणि जम बसला की पाणी मागत नाही.

तिची ओळख पटवायची रीत तशी सरळ आहे. मराठी अंगणातली कुंपणाची बहुतेक झुडपे, म्हणजे मेंदी, कोयनेल, ड्युरांटा, यांची पाने फांदीवर समोरासमोर जोडीने येतात. जखमीची पाने एकाआड एक येतात. पान उजेडात धरले की राळेची चकाकी दिसते, बोटाने चोळले की चिकट लागते. फुलाला पाकळ्या नाहीत, कारण परागकण वाऱ्यावर जातात आणि भुंग्याला भुलवायची गरज नाही. फळाला बहुधा तीन पंख असतात. नर आणि मादी झुडपे बरेचदा वेगळी असल्याने एखाद्या कुंपणाला कधीच पंख येत नाहीत. ते नराच्या फांद्यांवरून वाढवलेले असू शकते. कूळ म्हणाल तर रिठ्याचे. लिचीही याच कुळातली.

अशा खुणा आपल्यापर्यंत पोचल्या त्या थिओडोर कुकसारख्यांच्या कामातून. पुण्याच्या सायन्स कॉलेजचा हा प्राचार्य. त्याने १९०१ ते १९०८ या काळात ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ लिहिला. त्यात जागोजागी नमुना कोणी गोळा केला ते दिले आहे, आणि वुडरो, गॅमी या इंग्रजी नावांच्या जोडीने कानिटकर, गराडे, भिवा अशी नावे येतात. ऊन-पावसात रान तुडवून फांद्या आणणारी, त्या कागदात दाबून वाळवणारी ही मंडळी. त्यांचे नमुने आज पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय संग्रहात आहेत. हे केंद्र १९५५ साली सुरू झाले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही वनस्पतींचा असाच संग्रह आहे.

बागेतले झुडूप ओळखता येत नसेल तर त्या मंडळींची रीत आजही चालते. पाने, फूल आणि फळ तिन्ही असलेली वीतभर फांदी घ्यावी, वर्तमानपत्राच्या घडीत वजनाखाली ठेवावी, कागद रोज बदलावा. सोबत चिठ्ठीवर गाव, तारीख, झुडपाची उंची, फुलाचा ताजा रंग आणि ते लावलेले की आपसूक उगवलेले, एवढे लिहावे. जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्र विभागाला एवढे पुरते. नुसत्या फुलाच्या फोटोवरून नाव सांगणाऱ्यावर फार विसंबू नये. रोपवाटिकेतून झाड घेताना शास्त्रीय नाव मागावे, कारण विलायती मेंदी या एका नावाखाली काहीही हाती येऊ शकते.

आणि ते झुडूप जखमी निघाले तर उपटू नये. विहिरीशेजारी निलगिरी लावणे ही माणमध्ये चूक ठरेल, चुनखडी मुरमात सिल्व्हर ओक लावणे हा पैशाचा चुराडा ठरेल. जखमीच्या कुंपणाला मात्र या मातीत नाव ठेवायला जागा नाही. बी लावायचे असेल तर फळाचे पंख चोळून काढावेत, उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात बी रात्रभर भिजत ठेवावे आणि पहिल्या वळवानंतर पेरावे.